तक्रार: गरम इंजिनावर न चालणारी सेल्फ-मोटर आणि बिजागरीवर मोजलेली बॅटरी

रत्नागिरी
दिनांक १९ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: रीकंडिशन्ड सेल्फ-मोटरची वॉरंटी चुकीच्या रिपोर्टवरून नाकारल्याबाबत

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं पाचवं बोलणं झालं. ते १९ मिनिटं चाललं आणि त्यातली १४ मिनिटं मी आपल्या कंपनीची जाहिरात ऐकली. म्हणून आता लेखी.

गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीट, रेनॉचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, बॉडी फायबरग्लासची. बॉडीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माल म्हणजे आपली रीकंडिशन्ड (जुनी, दुरुस्त करून विकलेली) सेल्फ-मोटर, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर: किंमत ८,४०० रुपये, शिवाय माझी जुनी मोटर बदल्यात, वॉरंटी सहा महिने. खोक्यावर छापलंय, ‘नवे कार्बन, नवा सोलेनॉइड, बेंचवर तपासलेली’. (कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारे तुकडे, सोलेनॉइड म्हणजे मोटरवरचा चुंबकी स्विच.)

पहिल्यांदा जी मोटर आली तिच्या बेंडिक्सला (इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) जुन्यापेक्षा एक दात कमी होता. दात मोजायला अर्धा मिनिट लागतो. तो आपल्या गोदामात कुणाकडे नव्हता. तशीच बसवली असती तर फ्लायव्हीलची रिंग खरवडली गेली असती आणि रिंग बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आठ दिवसांनी बदलून दिलीत. ते सोडून देतो.

तक्रार दुसऱ्या मोटरची आहे. सकाळी थंड इंजिनावर ती पहिल्या चावीला उचलते. तासभर गाडी चालवून बंद केली आणि दहा-वीस मिनिटांनी चावी फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज, पुढे काही नाही. हेडलाइट मंद होत नाहीत. चौथ्या-पाचव्या चावीला कधी उचलते, किंवा सोलेनॉइडवर व्हील-पान्याच्या दांड्याने दोन हलके टोले दिले की उचलते. हे वर्णन मी पाचही वेळा असंच्या असं सांगितलं. यातलं ‘एकच टक्’ आणि ‘दिवे मंद होत नाहीत’ एवढं ऐकलं तरी कुठल्याही एसटी डेपोतला वायरमन बॅटरीकडे न जाता सेल्फकडे जाईल. बॅटरी उतरलेली असती तर टक्-टक्-टक्-टक् अशी माळ लागली असती आणि दिवे मेणबत्तीसारखे झाले असते.

आपला तंत्रज्ञ ९ मे रोजी आला. आल्या आल्या त्याने प्लग आणि पेट्रोल पंप बदलायचं सुचवलं. इंजिन फिरतच नाही तिथे प्लग काय करणार? ‘इंजिन फिरतं पण पेटत नाही’ अशी तक्रार असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीच त्याला सांगितलं असतं की आधी बेलहाउसिंगवरचा (इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या कवचावरचा) टीडीसी सेन्सर, म्हणजे इंजिन फिरताना कुठे आलंय ते सांगणारा सेन्सर, आणि त्याचा कनेक्टर साफ कर, कारण रेनॉच्या या इंजिनांत ती ओळखीची खोड आहे. त्या सेन्सरचा सिग्नल गेला की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. पण त्यातही सेल्फ फिरतच असतो. न फिरणं आणि फिरून न पेटणं हे दोन वेगळे आजार आहेत.

मग त्याने मीटर काढला. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलं आणि काळं टोक बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टला. मीटरवर शून्य. त्याने रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘बॅटरी व्होल्टेज ०.००, बॅटरी डेड, मोटर ओके, वॉरंटी लागू नाही.’

फायबरग्लासमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीत कुठल्याही बोल्टवर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळतो, कारण सगळी बॉडीच निगेटिव्ह असते. इथे ती बिजागरी प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेली आहे. या गाडीत प्रत्येक अर्थ वेगळी वायर टाकून चासीपर्यंत किंवा इंजिनपर्यंत न्यावा लागतो. आपल्या माणसाने बॅटरी मोजलीच नाही, बिजागरी मोजली. तो हे लिहीत होता तेव्हा हेडलाइट चालू होते. मी ते त्याला दाखवले. तो म्हणाला, ‘सर, रिपोर्टला तोच फोटो लागतो.’

आता आजचा फोन. बाईंनी आधी विचारलं, ‘सर, ब्रेक दाबून स्टार्ट बटण दाबलं का?’ म्हटलं, बटण नाही, चावी आहे. ‘गिअर पार्कमध्ये आहे ना?’ म्हटलं, मॅन्युअल आहे, पार्क नसतो. ‘मग क्लच पूर्ण दाबून बघा सर.’ या गाडीत क्लचला सेल्फ अडवणारा स्विच नाही. क्लच दाबा, सोडा, काढून घरी न्या, टक् तसाच येतो. ‘रिमोटचा सेल बदलून बघा.’ रिमोट नाही. यावर थोडी शांतता, मग जाहिरात, मग वरिष्ठ.

वरिष्ठ म्हणाले, ‘सर, रिपोर्टमध्ये बॅटरी झिरो आहे.’
मी म्हटलं, ‘झिरो व्होल्टवर हेडलाइट लागतात का?’
‘ते तुम्ही टेक्निकल बोलताय सर.’
‘अहो, तुम्ही सेल्फ-मोटर विकता. टेक्निकल नाही तर काय बोलू?’
‘सर, जुन्या स्पोर्ट्स कारला हे चालायचंच. शौकाची गाडी आहे. तोपर्यंत धक्का मारून चालू करा ना.’

धक्का कसा मारायचा ते मला माहीत आहे. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी वेगात आली की क्लच झटक्यात सोडायचा. पण सेल्फ-मोटर ही वस्तू धक्का मारावा लागू नये म्हणूनच विकत घेतात. धक्का मला फुकट मिळत होता. त्यासाठी ८,४०० रुपये आणि माझी जुनी मोटर द्यायची गरज नव्हती.

आपल्या माणसाने जे मोजायला हवं होतं ते त्याच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, माझ्यासमोर इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मोजलं. आकडे जपून ठेवा, ग्राहक आयोगात हेच येणार आहेत.

बॅटरी तिच्याच दोन टर्मिनलवर, रात्रभर उभ्या गाडीत: १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. थंड इंजिनावर सेल्फ मारताना १०.७, साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, ती बरीच वर आहे. सेल्फ फिरत असतानाच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.२१ व्होल्टचा ड्रॉप (वाटेतली घट) आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या बॉडीपर्यंत ०.१२. पॉझिटिव्हकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थकडे ०.२ च्या आत असलं की केबल ठीक. हा ड्रॉप सेल्फ फिरत असतानाच मोजायचा असतो. मोटर दीडशे अँपिअर ओढत असेल तर एका ओहमचा शंभरावा भागसुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि उभ्या गाडीत तीच केबल मीटरवर निर्दोष दिसते. म्हणजे बॅटरी चांगली, केबल चांगल्या, आणि फायबरग्लासच्या गाडीत ज्याची खरी भीती असते तो अर्थही चांगला.

मग गाडी तासभर चालवून आणली आणि पंधरा मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी केली, कारण इंजिन बंद केल्यावर पाणी आणि वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. चावी फिरवली, टक्. त्या क्षणी बॅटरी १२.३. चावीकडून येणारी बारीक वायर, ५० नंबरचं टर्मिनल, ११.४. सोलेनॉइडचा बॅटरीकडचा बोल्ट १२.२. आणि मोटरकडचा बोल्ट जेमतेम ०.४.

या शेवटच्या आकड्यात सगळं आलं. चावीची वायर आपलं काम करते, प्लंजर, म्हणजे सोलेनॉइडमधला दांडा, सरकतो (टक् त्याचाच), पण आतली तांब्याची चकती दोन बोल्टांना जोडत नाही. बॅटरी १२.३ वरून हलत नाही, कारण मोटर फिरवणारा मोठा करंट जातच नाही. तो ०.४ दिसतो तो सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या वेटोळ्यातून, जे मोटरमार्गेच अर्थ घेतं. कार्बन अजिबात टेकत नसते तर तिथे ०.४ ऐवजी बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसलं असतं आणि टक् सुद्धा नीट आला नसता. म्हणजे दोष कार्बनचा नाही, चकतीचा आणि कॉन्टॅक्टचा आहे. गरम झाल्यावरच का? तांब्याचा रोध दर दहा अंशांना साधारण ४ टक्के वाढतो. वेटोळं साठ अंशांनी तापलं तर त्यातला करंट जवळपास एक पंचमांश घटतो, प्लंजर चकतीला पुरेशी दाबत नाही, आणि खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट तेवढ्या दाबाला दाद देत नाहीत. टोला मारल्यावर किंवा चार वेळा चावी फिरवल्यावर चकती थोडी फिरते, बरी बाजू समोर येते, मोटर उचलते.

नव्या सोलेनॉइडला हे दोन महिन्यांत होत नाही. आत जुनाच सोलेनॉइड आहे, बाहेरून काळा रंग नवा आहे. वॉरंटीचं सील असल्यामुळे मी टोपण उघडलेलं नाही. आपण माझ्यासमोर उघडा. चकतीच्या कडा जळलेल्या, किंवा जळलेली बाजू उलटी करून बसवलेली, यापैकी एक दिसेल. ‘बेंचवर तपासलेली’ म्हणता, तर बेंचवर थंड मोटर क्षणभर रिकामी फिरवून तपासल्यावर हा दोष सापडत नाही, हे मोटरी दुरुस्त करणाऱ्या कंपनीला मी रत्नागिरीतून शिकवायचं का?

शौकाची गाडी असेल. पैसे शौकाचे नव्हते.

मागण्या अशा. मोटरचे ८,४०० आणि बसवण्या-काढण्याचे १,६५० मिळून १०,०५० रुपये परत. ९ मेचा रिपोर्ट लेखी रद्द, ‘बॅटरी ०.००’ हे वाक्य माझ्या गाडीच्या नावावर मला नको आहे. मुदत हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार. ती मला मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. इलेक्ट्रिशियन साक्षीला यायला तयार आहे. बिजागरी मी स्वतः घेऊन येईन.

आणि एक गोष्ट पैशांत भरून निघणारी नाही. बदल्यात नेलेली माझी मूळ मोटर मला परत हवी. तिचे फक्त कार्बन झिजले होते. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि सोलेनॉइड ठणठणीत होते. या गाड्या मोजक्याच बनल्या, तिची मोटर दुकानात टांगलेली मिळत नाही. आपल्या गोदामात ती अजून पडून असेल तर तिला काळा रंग मारू नका. आहे तशी, ग्रीस आणि धुळीसकट, पाठवा. कार्बन मी इथेच बदलून घेतो.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, ९ मेचा रिपोर्ट, मीटर रीडिंगचे फोटो, हेडलाइट चालू असल्याचा फोटो