नाना, तुमचं भिंग शनिवारी परत आणते

नाना, नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "हां हां, चहा घे" म्हणणार आणि छपाईच्या मशीनकडे वळणार हे मला पक्कं माहितीये, गेल्या वेळी तसंच झालं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नातवाला सांगा मोबाईलवर वाचून दाखवायला, आणि मधे उठून जाऊ नका.

तुम्हाला मी फक्त एक प्रिंट काढायला आलेली मुलगी म्हणून माहिती, तर आधी माझं सांगते. मी धुळ्यात एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, करतेय, रोज साक्रीच्या गाडीने येऊन-जाऊन. कलेच्या इतिहासाला प्रत्येकाने एक चित्रकार आणि त्याची चळवळ घेऊन वर्गात अर्धा तास बोलायचं होतं, मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या चिठ्ठीत जॉर्ज स्यूरा आणि नवदृक्प्रत्ययवाद, म्हणजे निओ-इम्प्रेशनिझम, निघाला. (कुणी स्यूरा म्हणतं, कुणी सरा, मी स्यूराच म्हणते.) नाव ऐकलेलं होतं, "तो ठिपकेवाला" एवढंच. मग मी सगळे करतात तेच केलं, नेटवरून माहिती काढली, जन्म १८५९ पॅरिस, मृत्यू १८९१, म्हणजे जेमतेम एकतीस वर्षांचं आयुष्य, गाजलेलं चित्र 'ला ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार', १८८४ ते १८८६, त्यात त्याने रंग पॅलेटवर न मिसळता शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले आणि ते बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात. बारा स्लाइड झाल्या, सगळं पाठ झालं, आणि खरं सांगते नाना, मला वाटत होतं की मला ते समजलंय.

त्या दिवशी पाचकंदीलजवळून चालत तुमच्या प्रेसमध्ये आले ती ए-थ्री साइजचा कलर प्रिंट काढायला. काउंटरवरच्या दादाने प्रिंट काढून दिला, तुम्ही मागून हात पुसत आलात आणि विचारलं "हाई काय शे?" मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून ते घडीचं भिंग काढलं, प्रिंटवर ठेवलं आणि म्हणालात, "आठे ये पोरी, दख. काय दिखस?" मी वाकून बघितलं, निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक बारीक ठिपके, मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, हेच ते स्यूराचे ठिपके! आणि तुम्ही मान हलवली. "त्या चित्रकारना नही शेतस. मना मशीनना शेतस."

नाना, ते ठिपके त्याचे नाहीत, तुमच्या मशीनचे आहेत, हे वाक्य मी घरी जाईपर्यंत गाडीत डोक्यात घोळवत होते. कारण तुम्ही लगेच मूळ चित्र केवढं ते विचारलंत, मी वहीत बघून सांगितलं, साधारण २०७ बाय ३०८ सेंटिमीटर, म्हणजे दहा फूट रुंद आणि जवळजवळ सात फूट उंच, आणि तुम्ही तोंडी हिशोब करून म्हणालात की मग तुझ्या या कागदावर ते सात पटीपेक्षा जास्त बारीक झालं, त्याचे ठिपके यात उरतीलच कसे. मी इतके दिवस मोबाईलच्या पाच इंची स्क्रीनवर बघून त्या ठिपक्यांबद्दल लिहीत होते आणि तो माणूस जे करत होता ते मी एकदाही बघितलेलं नव्हतं.

पण त्याहून मोठी मदत झाली ती तुमच्या पुढच्या प्रश्नाने. तुम्ही मला लग्नपत्रिकेचं शीट दाखवलं, गणपतीचा गुलाबी गाल भिंगाखाली नुसते मॅजेंटाचे, म्हणजे गडद गुलाबी शाईचे, विरळ ठिपके आणि मधे पांढरा कागद, मग समजावलं की फोर कलरमध्ये, म्हणजे निळा, मॅजेंटा, पिवळा, काळा अशा चार शायांच्या छपाईत, प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात फिरवलेले असतात नाहीतर जाळी पडते, आणि आमची शाई पारदर्शक असते म्हणून ठिपक्यावर ठिपका पडला तरी खालचा रंग दिसतो, पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होतो. आणि मग विचारलंत, तो माणूस ठिपके एकावर एक टाकायचा की शेजारी? त्याचा रंग आमच्यासारखा पारदर्शक होता की जाड? शेजारी ठेवले तर हिरवा होईल का? माझ्या बारा स्लाइडमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी सगळ्या स्लाइड बाजूला ठेवल्या आणि नव्याने वाचायला बसले, आणि काय काय सापडलं म्हणून सांगू. पहिलं म्हणजे ते चित्र नुसत्या ठिपक्यांचं नाहीच. स्यूराने आधी छोट्या छोट्या रेघोट्यांनी, आडव्या-तिरप्या फटकाऱ्यांनी पूर्ण चित्र रंगवलं, आणि ठिपके नंतर वरून दिले. रंग तैलरंग, आणि ठिपक्यांच्या मधल्या जागेतून खालचा थर दिसत राहतो. दुसरं, त्याच्या डोक्यात ही कल्पना कुठून आली तर शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून. हे शेव्रल पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो, तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हतीच, शेजारी जे निळे-जांभळे धागे विणलेले होते त्यांच्यामुळे काळा मेल्यासारखा दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. हे मी तुम्हाला सांगायला परत आले तेव्हा तुम्ही हसलात आणि त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितलीत ज्याने हिरव्या रंगाशेजारचा लाल आणि केशरी रंगाशेजारचा लाल वेगळा आला म्हणून भांडण केलं होतं, एकाच डब्यातली शाई असून. मी ती गोष्ट वर्गात जशीच्या तशी सांगितली, तुमच्या परवानगीशिवाय, त्याबद्दल माफ करा.

तिसरं पिवळ्याचं. स्यूराने गवतातल्या उन्हासाठी जो जस्ताचा पिवळा वापरला तो काही वर्षांतच तपकिरी पडायला लागला, आज चित्रातले ते ठिपके मळकट दिसतात. तुम्ही म्हणालात की आपल्या धुळ्याच्या उन्हात बाहेर लावलेल्या पोस्टरचा पण पिवळा आणि लाल आधी उडतो आणि नुसता निळा उरतो. हे मी लहानपणापासून स्टँडवर बघत आलेय, सगळे जुने पोस्टर निळे का असतात असा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

आणि हिरव्याचं उत्तर मला वाचूनही नीट पटेना म्हणून करून बघितलं. ड्रॉइंग शीटवर पिवळे आणि निळे पोस्टर कलरचे ठिपके, एकमेकाला न चिकटणारे, तीन संध्याकाळ लागल्या, मम्मी म्हणत होती डोळे फोडशील. शीट ओट्याच्या भिंतीला लावलं आणि मागे मागे गेले अंगणाच्या टोकापर्यंत. हिरवं नाही झालं नाना. राखाडी झालं. शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळत नाही तर त्यांच्याकडून येणारा उजेड मिसळतो, त्यात पिवळा आणि निळा एकमेकाला मारतात. म्हणून स्यूरा हिरव्या गवतासाठी हिरवाच घेतो आणि त्यात पिवळे, निळे, मधूनच नारिंगी ठिपके पेरतो. पुस्तकात लोक किती सहज लिहून जातात की पिवळा-निळा शेजारी ठेवला की डोळ्यात हिरवा होतो, मीही तेच लिहिलं होतं, स्लाइड नंबर पाच.

मूळ मापाचा तुकडा काढ ही आयडिया पण तुमचीच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ते चित्र १९२६ पासून आहे आणि त्यांच्या साइटवर त्याचा खूप मोठा फोटो मिळतो, त्यातला सावलीतल्या गवताचा एक तुकडा काउंटरवरच्या दादाने मापात बसवून काढून दिला, दोनदा माप चुकलं तर दोन्ही वेळा परत काढला आणि पैसे एकाच प्रिंटचे घेतले. मी ते लक्षात ठेवलंय.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी वर्गाच्या मागच्या भिंतीवर खडूने दहा फूट बाय सात फुटाची चौकट आखली आणि तो ए-थ्री तुकडा त्यात चिकटवला, सगळे नुसते बघत राहिले, एवढं मोठं असतं होय! मग तुम्ही दिलेली वेस्टेजची शीट लावली, नुसता पिवळा, नुसता मॅजेंटा, मग चारही एकत्र, आणि तुमचं भिंग बाकाबाकावरून फिरवलं. पोरं उठून पुढे येत होती, मागे जात होती, अर्ध्या तासाचं एक तास झालं. मी सांगितलं की मे १८८६ मध्ये हे चित्र दृक्प्रत्ययवाद्यांच्या (इम्प्रेशनिस्टांच्या) आठव्या, शेवटच्या प्रदर्शनात लागलं, त्याच वर्षी फेनेओं नावाच्या समीक्षकाने या मंडळींना नवदृक्प्रत्ययवादी हे नाव दिलं, आणि स्यूरा गेल्यावर त्याचा मित्र सिन्याक याने ती पद्धत पुढे नेली. पण हे सगळं मी पटकन उरकलं, कारण पोरांना भिंग हवं होतं. मॅडमनी शेवटी नेमकं हिरव्याचंच विचारलं आणि मी माझं राखाडी झालेलं शीट उलगडून दाखवलं. त्यांनी ते स्वतः मागे जाऊन बघितलं, दारापर्यंत गेल्या. मार्क किती पडले ते शनिवारी तोंडानेच सांगेन, पेढे घेऊन.

नाना, तुम्ही त्या दिवशी मशीन थांबवून माझ्याशी बोलत होतात, पत्रिकांची अर्जंट ऑर्डर पडलेली होती आणि मालकांनी दोनदा आवाज दिला, ते मला दिसत होतं. तरी तुम्ही मला स्टूल दिलं. ओळख नाही पाळख नाही, रोजच्या वापरातलं भिंग रुमालात गुंडाळून दिलंत आणि कधी परत आणणार हे विचारलं पण नाही. आमच्या घरात रंगांबद्दल माझ्याशी इतका वेळ कुणी बोललेलं नाही, आणि तुम्ही चाळीस वर्षं रंगात काम करून "मला चित्रकलेतलं काही कळत नाही" म्हणता, ते पुन्हा म्हणू नका, मला वाईट वाटतं.

ती शीट अजून वर्गात लागलेली आहेत. कडेची रंगपट्टी आणि कोपऱ्यातल्या त्या अधिकच्या चिन्हासारख्या (+) खुणा कापून शीट नीट करू म्हणून एक मैत्रीण कटर घेऊन आली होती. मी कापू दिलं नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. मशीन बंद असेल तेव्हा हाक मारा, मी काउंटरजवळ थांबते.

तुमची,
साक्रीच्या गाडीची पोरगी