विषय : 'बहुवर्षायु' म्हणून विकलेलं डेझीचं बियाणं एका हंगामाचंच निघालं, पैसे परत मिळण्याबाबत

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मी तुमच्याकडून आफ्रिकन डेझीच्या बियांची आठ पाकिटं मागवली. पाकिटाला १९० रुपये, म्हणजे १,५२०, आणि वर कुरिअरचे ९०. पाकिटावर तुम्ही छापलंय : 'ऑस्टिओस्पर्मम. बहुवर्षायु. कमी पाण्यावर जगणारी. एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं.' यातलं कमी पाण्याचं तेवढं खरं निघालं. झाडं मार्चअखेर बी धरून वाळली, ती वाळलीच. याआधी दोन ईमेल केले. दोन्हींना उत्तरं आली, पण त्यांचा एकमेकींशी मेळ नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

ऑर्डर देताना फोनवरच्या तुमच्या मुलाने हसत विचारलं होतं, "मॅडम, कोकणात कशाला दुष्काळातली झाडं?" त्याची चूक नाही, घाटावर सगळ्यांना असंच वाटतं. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि जांभ्यातून झिरपून जायला त्याला वेळ लागत नाही. नंतरचे आठ महिने आभाळातून थेंब नाही. एप्रिलमध्ये आमच्या विहिरीवरचा पंप दिवसाआड वीस मिनिटं चालवायचा असतो, त्यात आधी माणसं, मग गुरं, मग माडाची रोपं. माझं गुहागर तालुक्यात न्याहारी-निवास आहे. पाहुणे येतात ते नेमके याच कोरड्या महिन्यांत. त्यांच्यासाठी गडग्याच्या कडेने पाणी न मागणारी आणि दरवर्षी नव्याने पेरावी न लागणारी फुलं हवी होती. 'बहुवर्षायु' हा शब्द वाचूनच मी आठ पाकिटं घेतली, नाहीतर गोंडे काय वाईट होते?

पेरणीबद्दल पाकिटावर 'मार्च ते मे' लिहिलंय. हे कुठल्या तरी थंड देशाच्या पाकिटावरून जसंच्या तसं उचललेलं असावं. या बियांना रुजायला वीस अंशांच्या आसपासची हवा मानवते. एप्रिलच्या कातळावर टाकली असती तर भाजलीच असती. मी तुमचं न ऐकता तुळशीचं लग्न उरकल्यावर, १७ नोव्हेंबरला पेरली. गडग्यालगत बारा मीटर लांबीचा उंच वाफा केला. जांभ्याची खडी, वाळू, थोडं शेणखत, एवढंच. खताचा मारा केला नाही. कडेने चिरे लावले. खडी आणि दोन दिवसांची मजुरी मिळून ४,३०० रुपये गेले. तो खर्च मी मागत नाही, वाफा तिथेच आहे.

बी छान रुजलं, आठव्या दिवशी कोंब वर. जानेवारीत फुलं आली. पाकिटावरच्या फोटोत फूल पांढरं आहे आणि मधला डोळा निळा. माझ्याकडे आली ती बहुतेक नारिंगी, मध्ये काळसर कडं. रंगाचं म्हटलं तर मी सोडून दिलं, दिसायला सुंदरच होती. ऊन उतरलं की ती मिटत, आणि पाहुणे नेमके संध्याकाळी पाच वाजता दारात! तो फुलांचा स्वभाव आहे, त्याची तक्रार तुमच्याकडे नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून झाडं पिवळी पडू लागली. मी पहिला ईमेल केला. उत्तर आलं : 'पाणी कमी पडत असावे, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे.' दुष्काळ सोसते म्हणून विकलेल्या झाडाला रोज दोनदा पाणी! जूनमध्ये दुसरा ईमेल केला, तर उत्तर आलं : 'आपल्या भागातील अतिवृष्टीमुळे मूळकूज झाली आहे.' सोबत पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सुटीचं कूपन. यंदा पाऊस लवकर आला हे खरंच, २५ मेला मान्सून देवगडात पोचला. त्याआधीचे वळवाचे दिवस धरले तरी माझी झाडं पावसाच्या दीड महिना आधी मेलेली होती. मेलेल्या झाडाची मुळं कुजली, हे निदान मला मान्य नाही.

खरं कारण तुमच्याच पाकिटात होतं. पेरायच्या दिवशी मी बी स्टीलच्या ताटात ओतलं तेव्हा त्यात दोन तऱ्हा दिसल्या. एक चपटी, कागदासारखी पातळ, भोवती झालर असल्यासारखी. दुसरी बारीक, खरबरीत काडी. मला वाटलं काडीकचरा आहे, आणि सूप घेऊन पाखडायलाच बसले होते. शेजारची मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकते. ती म्हणाली, "काकू, थांबा, ते पण बीच आहे." तिने दोन्ही वेगवेगळ्या ओळींत पेरायला लावलं. दोन्ही ओळी उगवल्या.

मार्चमध्ये वाळलेली बोंडं आम्ही दोघींनी पडवीत बसून भिंगाखाली फोडली. मधल्या बटणातून चपटं बी निघालं, कडेच्या पाकळ्यांच्या तळाशी काड्या. तिने सांगितलं ते असं : डेझीचं एक फूल म्हणजे बारीक फुलांचा झुपका असतो. बागेतल्या बहुवर्षायु ऑस्टिओस्पर्ममला बी फक्त कडेच्या फुलांना धरतं, मधली फुलं वांझ असतात. दोन्हीकडे आणि दोन आकारांचं बी धरते ती डायमॉर्फोथिका सिन्युआटा, दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडमधली. तिथे हिवाळी पावसावर ती उगवते, फुलते, बी टाकते आणि संपते. वर्षायु. डायमॉर्फोथिका या ग्रीक नावाचा अर्थच 'दोन आकारांची फळं' असा आहे. नावांचा घोळ शास्त्रज्ञांनीही घातलाय, हे मला ठाऊक आहे. ऑस्टिओस्पर्ममच्या बागेतल्या काही जातींना आता डायमॉर्फोथिकातच धरतात. तेव्हा उत्तरात तो मुद्दा काढू नका. नाव काहीही द्या, झाड एका वर्षाचं आहे की अनेक वर्षांचं, एवढंच मी विचारतेय.

माझी देखभाल कमी पडली असंही म्हणू नका. गझानियाची दोन रोपं माझ्याकडे चौथं वर्ष जगतायत. तीही आफ्रिकेतलीच, तीही कोरड्या जमिनीतली. कुंडीत आहेत, मिरगाच्या आधी पडवीत येतात आणि दसऱ्याला पुन्हा खळ्यात जातात. अशा झाडांना आमचा उन्हाळा मारत नाही, पाऊस मारतो. 'किनारपट्टीसाठी उत्तम' असं छापताना ही एक ओळ पाकिटावर घातली असती तर कितीजणांचं भलं झालं असतं.

मला बियांचे १,५२० आणि कुरिअरचे ९०, असे १,६१० रुपये परत हवेत. कूपन नको. शिवाय हे बियाणं तुमच्या साइटवर अजून 'बहुवर्षायु' म्हणूनच विकलं जातंय, मी कालच पाहिलं. तो शब्द काढा आणि पाकिटावर खरं शास्त्रीय नाव छापा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि तिथेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, हे मी विचारून ठेवलंय.

बिल, तुमची दोन्ही उत्तरं आणि दोन्ही तऱ्हांच्या बियांचे फोटो सोबत जोडले आहेत. आठवं पाकीट मी फोडलेलं नाही. ते तुम्हाला कुरिअरने पाठवणार नाही. बघायचं असेल तर तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर ताटात ओतू.

आपली,
(सही)
न्याहारी-निवास चालक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी