रूसोचे जंगल पॅरिसमध्येच होते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जंगलांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला फ्रेंच चित्रकार आँरी रूसो याच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. पॅरिसच्या जकात नाक्यावरचा कारकून चाळिशीनंतर चित्रकार म्हणून लोकांसमोर आला, ही हकिकत लेखकाने छान सांगितली आहे. पण तरुणपणी सैन्यात असताना तो मेक्सिकोला गेला आणि तिथली अरण्ये डोळ्यांत साठवून आला, हे लेखातले विधान मात्र खरे नाही. ही दंतकथा पसरवण्यात त्याचा मित्र, कवी अपोलिनेर याचा मोठा वाटा. रूसो फ्रान्सबाहेर कधी गेलाच नव्हता. त्याचे जंगल पॅरिसच्या 'जार्दें दे प्लांत' या उद्यानात होते. तिथल्या काचघरातली उष्ण प्रदेशातली झाडे त्याने पाहिली, आणि शेजारच्या संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणीही. १९०५ मध्ये मांडलेल्या 'भुकेला सिंह' या चित्रात सिंहाने हरणाचा गळा धरला आहे. ती जोडी त्याने तिथल्याच एका देखाव्यावरून घेतली. कुंडीत शोभावीत अशी झाडे त्याच्या कॅनव्हासवर माणसाच्या डोक्यावरून जातात. मेक्सिको पाहून आलेल्या माणसाला हे इतक्या बिनधास्तपणे जमले असते, असे मला वाटत नाही.

लेखात तो 'लहान मुलासारखा मनाला येईल तसा' रंगवत असे, असेही म्हटले आहे. शिक्षण नव्हते हे कबूल, पण अभ्यास होता. १८८४ मध्ये त्याने लूव्हर संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला करण्याचा परवाना मिळवला होता. १८९१ चे वादळातल्या वाघाचे चित्र पाहा. पावसाच्या तिरप्या, चंदेरी रेघा सबंध चित्रावरून ओढल्या आहेत आणि वाघ गवताच्या पात्यांत अर्धा बुडाला आहे. असा पाऊस सहज हात फिरवून पडत नाही. यथादर्शन (जवळ-दूरचा भास) चुकलेले आहे, हे खरेच, आणि उजेडही. 'स्वप्न' या चित्रात चंद्र मागे आहे आणि पानांवर उजेड मात्र समोरून! एलिमेंटरीच्या परीक्षेत आम्ही याचे गुण कापले असते. पण त्या सपाट उजेडामुळेच पान न् पान कापून चिकटवल्यासारखे सुटे दिसते, आणि स्वप्नात दिसते तसे सगळे एकाच वेळी स्पष्ट होते.

त्याचा भोळेपणा एकदा कोर्टातही कामी आला. बँकेच्या फसवणुकीच्या प्रकरणात १९०९ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा वकिलाने अशील किती साधाभोळा आहे यावरच बचाव उभा केला. त्याला शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली गेली. तोच बचाव आपण त्याच्या चित्रांसाठी अजून करत बसलो आहोत.

शेवटी एक तक्रार तुमच्या मांडणी विभागाकडे. १९१० चे 'स्वप्न' हे त्याचे अखेरच्या वर्षातले चित्र, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. पुरवणीत त्याचा डावा तुकडाच छापला आहे, म्हणजे सोफ्यावर पहुडलेली विवस्त्र स्त्री. जंगलात सोफा कशाला, असे तेव्हाही लोकांनी विचारले होते. रूसोचे उत्तर असे, की ती सोफ्यावरच झोपली आहे आणि गारुड्याची बासरी ऐकत आपण जंगलात आहोत असे स्वप्न पाहते आहे. हा बासरीवाला झाडीच्या अंधारात, नेमका तुम्ही कापलेल्या भागात उभा आहे. पुढच्या अंकात चित्र पूर्ण आणि रंगीत छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली