स्क्रीन, खुर्ची आणि पेशंट

प्रिय वासंती,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना रुग्णाशी बोलायला शिकवायचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. वर्गात संगणकाचं काय करायचं, असं विचारलं आहेस. माझं म्हणणं, पहिल्या तासापासून तो खोलीत असू दे. आपल्याकडे संवादाचा वर्ग होतो समोरासमोर दोन खुर्च्या टाकून आणि ईएमआरचं, म्हणजे रुग्णाच्या संगणकावरच्या नोंदींचं, प्रशिक्षण वेगळ्या दिवशी, संगणकाच्या लॅबमध्ये, कुठं क्लिक करायचं एवढ्यापुरतं. मुलं ओपीडीत गेली की दोन्ही एकदम अंगावर येतं. रिकामा रकाना लाल होऊन पुढे जाऊ देत नाही, पेशंट मात्र थांबतो. साहजिकच मुलं रकान्याचं आधी ऐकतात.

पण सगळं खापर संगणकावर फोडू नकोस. बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिलं होतं, की रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडतात. तेव्हा टेबलावर कागदच होता. ऐकून न घेण्याची सवय जुनीच, तिला आता बघण्यासाठी आणखी एक जागा मिळाली. २०१२ मध्ये डॉक्टर एलिझाबेथ टोल यांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सात वर्षांच्या एका मुलीचं रंगीत खडूंनी काढलेलं चित्र छापलं होतं. ती स्वतः तपासणीच्या टेबलावर, आई आणि बहिणी शेजारी, आणि डॉक्टर सगळ्यांकडे पाठ करून संगणकापाशी. ते मुलांना जरूर दाखव, आणि नंतर काही बोलू नकोस. मुलं आपणहून बोलू लागतात.

मग खुर्च्या हलवायला लाव. डॉक्टर, पेशंट आणि स्क्रीन यांचा त्रिकोण झाला पाहिजे, म्हणजे मान जराशी वळवली की दोन्ही दिसतं आणि पेशंटलाही स्क्रीन दिसतो. हे क्षुल्लक वाटेल, पण भिंतीकडे तोंड केलेल्या टेबलावर कितीही चांगला मुलगा बसवला तरी त्याची पाठच दिसणार. टायपिंगही शिकव. ज्याला अक्षरं शोधावी लागतात त्याची नजर वर येणारच कशी? आणि हातातलं काम तोंडाने सांगायची सवय लाव: "तुमचे मागचे रिपोर्ट उघडतोय, आपण दोघं मिळून बघू." एवढ्या एका वाक्याने पेशंटची चुळबुळ थांबते. नाहीतर हा आपलंच लिहितोय की दुसऱ्या कुणाचं, असं त्याच्या मनात चालू राहतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र हात कधी थांबवायचे हे. मागच्या बॅचमध्ये सरावासाठी रुग्णाची भूमिका करणाऱ्या बाईंनी सांगितलं, "झोप येत नाही हो, मुलगा गेल्यापासून." समोरच्या विद्यार्थिनीने झोपेच्या रकान्यात 'कमी' निवडलं आणि विचारलं, "भूक कशी आहे?" टेम्पलेटमध्ये झोपेनंतर भूकच होती. मी तिला अडवलं नाही. प्रसंग संपल्यावर बाईंनाच बोलू दिलं. त्या म्हणाल्या, "त्यानंतर मी तुला काही सांगायचं नाही असं ठरवलं." मुलीने तोच प्रसंग पुन्हा केला. या वेळी तिने कीबोर्ड बाजूला सारला, खुर्ची वळवली आणि गप्प राहिली. बाई बोलत राहिल्या, आणि त्यातच कळलं की रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या आहेत. औषधांच्या यादीत त्या चालूच दिसत होत्या. मुलांना हे व्याख्यानातून पटत नाही, असं एकदा घडताना बघावं लागतं.

कॉपी-पेस्टबद्दल कडक राहा. कालची नोंद आज चिकटवली की कालची चूकही आज खरी ठरते, आणि परवा तिच्यावर कुणीतरी औषध देतं.

परीक्षेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. रुग्णाची भूमिका करणारी माणसं हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली शिकवण्यात आणली, ऑस्की पद्धत, म्हणजे विद्यार्थ्याने एकेका टेबलावर (स्टेशनवर) जाऊन ठरावीक काम करून दाखवायची परीक्षा, रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली. इतक्या वर्षांनीही संवादाच्या स्टेशनवर बऱ्याच ठिकाणी पेन आणि कागदच असतो. तिथं चालू रेकॉर्ड ठेव, दोन जुने रिपोर्ट, औषधांच्या यादीत एक चूक. गुण नुसत्या नोंदीला देऊ नकोस. भूमिका करणाऱ्या व्यक्तीलाही देऊ दे, कारण आपल्याकडे बघितलं गेलं की नाही हे तिलाच नेमकं कळतं. जे परीक्षेत येत नाही ते मुलं वॉर्डात करत नाहीत, हे आपण दोघींनीही पाहिलं आहे.

आणखी एक. आता बऱ्याच ठिकाणी रुग्णाला स्वतःची नोंद वाचता येते. 'तक्रारखोर', 'सांगितलेलं ऐकत नाही' असले शब्द तो घरी बसून वाचणार. मुलांना आपली नोंद पेशंटसमोर मोठ्याने वाचायला लाव. भाषा आपोआप बदलते, आणि पेशंट तिथल्या तिथे चुकाही दुरुस्त करतो.

परीक्षेसाठी खोटे रेकॉर्ड असलेली वेगळी प्रणाली लागेल. खऱ्या रुग्णांच्या नोंदी त्यासाठी अजिबात वापरू नकोस. ती मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच कर. माझे तयार केलेले प्रसंग पुढच्या पत्रासोबत पाठवते.

तुझी,
मेधा