कुकीजच्या रेसिपी पण छापा

संपादक साहेब, नमस्कार. डिसेंबर आला की पुरवणीत नुसते केकच येतात, घरच्या कुकीज आणि ख्रिसमसचा पिक्चर ही जोडी कोणी सांगतच नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे १९९० चा ‘होम अलोन’ लावला की जिंजरब्रेड, म्हणजे सुंठ-मसाल्याची कुकी, हवीच, मोलॅसिसऐवजी मी आपली काकवी घालते, अडीच कप मैद्याला अर्धा कप, सुंठ, दालचिनी, लवंग, आणि पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवायचंच नाहीतर ओव्हनमध्ये कापलेला आकार पसरतो. पिक्चरमधला घरी एकटा राहिलेला केविन चोरांसाठी सापळे लावतो तोवर पहिला ट्रे बाहेर, कडा कडक, मधे मऊ, घरभर सुंठेचा वास! १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला मात्र साधी बटर कुकीच, शेवटी रडू येतं हो, तेव्हा मसाला नको वाटतो. यंदा छापाल ना?

एक वाचक, पुणे