शाम्पू आणायला जर्मनीत

चिनू,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, शाम्पू संपला म्हणून ट्रामने जर्मनीत जाऊन आलो, तिकडे स्वस्त पडतो. मी मेथी निवडत होते, हात थांबलाच माझा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून जर्मनीतलं केल, मधे ऱ्हाइन नदी, पूल ओलांडला की दुसरा देश, आणि तुला त्यात काहीच विशेष वाटलं नाही!

अरे मी इतकी वर्षं शाळेत पोरांकडून 'अल्सेस-लॉरेन' घोकून घेतलं, म्हणजे तुझं स्ट्रासबुर्ग ज्यात येतं तो सीमेवरचा प्रदेश. दोन मार्कांचा प्रश्न. 1871 ला जर्मनीने घेतलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने परत मिळवलं, झालं, पुढचा धडा. आता निवांत वाचायला लागले तेव्हा कळतंय की 1870 च्या आधी जन्मलेली तिथली एखादी म्हातारी 1945 पर्यंत जगली असेल तर घरातून न हलता तिचा देश चारदा बदलला: फ्रान्स, जर्मनी, फ्रान्स, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मनी, मग पुन्हा फ्रान्स. 1942 पासून तर तिथल्या पोरांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात घातलं, अल्सेस आणि मोझेल (लॉरेनचा तो भाग) मिळून साधारण 1,30,000. त्यांना 'मालग्रे-नू' म्हणतात, म्हणजे मनाविरुद्ध गेलेले.

फ्रान्स-जर्मनीची मैत्री म्हटलं की सगळे तो 1984 चा वर्दूंचा, पहिल्या महायुद्धातल्या त्या रणभूमीवरचा फोटो दाखवतात, फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल हात धरून उभे. फोटो चांगलाच आहे, पण मला त्या दगॉलचंच, फ्रान्सच्या आधीच्या अध्यक्षाचंच, जास्त नवल वाटतं. याच वर्दूंला 1916 मधे तो जर्मनांच्या हाती सापडला, युद्ध संपेपर्यंत कैदेत, आणि 1962 ला जर्मनीत लुडविग्सबुर्गला जर्मन तरुणांपुढे उभा राहून चक्क जर्मनमधे भाषण केलं. पुढच्या जानेवारीत जर्मन चॅन्सेलर आडेनाउअरबरोबर मैत्रीचा करार, आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून युवक कार्यालय काढलं, इकडची पोरं तिकडे पाठवायला. आजवर 90 लाखांहून जास्त पोरं गेली-आली. सह्या पुढारी करतात रे, पण ज्या बाईचा भाऊ 1944 ला गेला तिच्या घरी वीस वर्षांनी जर्मन पोरगा महिनाभर राहायला येणार, त्याला ताटात वाढायचं, त्याचं अंथरूण घालायचं... मला जमलं असतं का, माहीत नाही. या बायका कुठल्याच धड्यात नाहीत, मीही कधी शिकवल्या नाहीत.

एक काम कर. तुझ्या गावात प्लास द ला रेपुब्लिकला 1936 चं युद्धस्मारक आहे. आई बसलीय आणि तिची दोन मुलं मरताहेत, एक या बाजूने लढलेला, एक त्या. अंगावर कपडे नाहीत, म्हणजे वर्दीच नाही, कोण कुठल्या बाजूचा ते कळतच नाही. खाली फक्त 'आमच्या मृतांना' लिहिलंय, फ्रान्ससाठी वगैरे काही नाही. रविवारी जा आणि फोटो पाठव, नीट जवळून, दोघांचे हात दिसले पाहिजेत.

आणि शाम्पूच्या दोन-दोन बाटल्या आणत जा रे एकदम, सारखं काय नदीपार.

आई