निळं दिसलं की खंड्याच नव्हे

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत कणकुंबीच्या रानातल्या पाखराचा फोटो आला, खाली नाव खंड्या. साहेब तो खंड्या नव्हे, खंड्याची चोच बघा केवढी लांब असते, ह्याची बारीक, किडा टिपायपुरती. हा पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार, चिमणीएवढा, पश्चिम घाट सोडून जगात कुठंच नाही. चुकतं माणूस, मी पण पहिल्यांदा ह्याची मादी बघून वहीत टिकेलचा माशीमार लिहून बसलो होतो, कारण टिकेलमध्ये केशरी गळा नराचा पण असतो आणि ह्याच्यात फक्त मादीचा. डोकं फिरतं.

खरं पत्र फोटोसाठी नाही. जांबोटीहून कणकुंबीला जाताना रस्त्याकडेला दरडी आहेत, शेवाळ धरलेल्या, मुळं लोंबणाऱ्या. हे पाखरू उंच झाडावर कमीच, खालच्या झुडपातनंच फिरतं आणि असल्याच दरडीच्या खोबणीत शेवाळाची वाटी करून अंडी घालतं. दोन वर्षांमागं जूनच्या सुरुवातीला एक घरटं सापडलं, आठवडाभर लांबनं बघत होतो, शनिवारी गेलो तर दरड खरवडून भिंतीसारखी गुळगुळीत, पावसाआधी गटार काढायला जेसीबी लावलेला. मादी समोरच्या कारवीवर, चोचीत हिरवी अळी. खाली यायची, त्या मातीसमोर फडफडायची, परत कारवीवर. अळी काय सोडेना.

जेसीबीवाला पोरगा म्हणाला, "काय बघालाय वो काका?" सांगितलं तर गप्प झाला, मग म्हणाला आधी बोलला असता तर तेवढं सोडून मारलं असतं की. त्याला काय दोष देणार.

भीमगड 2011 ला अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटर, चांगलंच झालं, खरं त्याच्या बाहेर रस्त्याकडेची दरड कुणाच्याच हिशोबात नाही. गटार तुंबलं की रस्ता खचतो हे आम्हाला पण कळतं, आम्हीच जातो त्या रस्त्यानं. मागणी एवढीच की दरडीला हात लावायचाच असेल तर डिसेंबर-जानेवारीत लावा, आणि जूनमध्ये नुसता गटाराचा तळ काढा. अर्ज दिला होता, मराठीत आहे म्हणून परत आला, मग शेजाऱ्याकडनं कन्नडमध्ये करून दिला, त्याचं पण अजून उत्तर नाही. तुम्ही छापलं तर कदाचित कोणतरी वाचेल.

आणि पुढच्या अंकात फोटोखालचं नाव तेवढं दुरुस्त करा.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)